मावशी असली तरी थांबायचं नाही

मी एकदा एका बाईची नोकरी जवळजवळ घालवली होती, आणि तीही अगदी नियमाला धरून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी बरीच शहाणी वाटणार आहे.

रेडिओला लायसन लागायचं तेव्हाची गोष्ट. मोंटेसरीचा कोर्स करून मी नाशकात, कॉलेज रोडच्या मागच्या एका बालमंदिरात नुकतीच लागले होते. कोर्समध्ये शिकवलेलं सगळं मला तोंडपाठ होतं. अडचण तीच होती.

त्यातला एक नियम माझा विशेष लाडका. पहिल्या दिवशी आईने मुलाला स्पष्ट सांगायचं, ‘मी जाते, साडेअकराला न्यायला येते’, आणि निघायचं. दारात घुटमळायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही. आई घुटमळली की मूल रुळत नाही. म्हणून जूनमधल्या त्या सोमवारी मी फाटकात उभी राहून एकेका आईला वाटेला लावत होते.

आत मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, नव्या मावशींची वाट बघत होत्या. शाळेत झाडणारी, पुसणारी, मुलांना शूला नेणारी असते ना, ती मावशी. जुन्या मावशी काम सोडून गावी गेल्या होत्या, नव्या आजच येणार होत्या. हे मला सकाळी सांगितलं होतं. नीट सांगितलं होतं.

तेवढ्यात एक बाई आल्या. धुवट नऊवारी, कडेवर तीनेक वर्षांची रडवेली मुलगी.

“बाई, मी मावशी,” त्या म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा, कडेवर पोर घेऊन कोणी ‘मी मावशी’ म्हणालं, तर तुम्ही काय समजाल?

“मावशी असा नाहीतर आत्या,” मी म्हणाले. “इथे आम्ही आईलासुद्धा थांबू देत नाही.”

“आवं, पन मला थांबायलाच बोलावलंय.”

“सगळ्यांना तसंच वाटतं,” मी म्हणाले आणि मुलगी काढून घेतली. नाव विचारलं, तर छबी.

छबीने “आई, आई” करून आकांत मांडला. माझ्या काळजात चर्र झालं. मावशीला आई म्हणते? म्हणजे हिची आई... मी आवाज खाली आणून विचारलं, “तुमची बहीण जाऊन किती दिवस झाले?”

बाई गोंधळल्या. “आठ दिस झाले. पन तुमाला कोनी सांगितलं?”

“चेहऱ्यावर दिसतं,” मी म्हणाले.

पुढे त्या लासलगाव, कांदा मार्केट, मेहुणे हमाल, असं काहीतरी सांगत होत्या. दुःखात माणूस असं भरकटतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, “साडेअकराला या, मागे वळून बघू नका,” असं सांगून फाटक लावलं. त्या खरंच वळल्या नाहीत. इतके आज्ञाधारक पालक मला पुन्हा कधी मिळाले नाहीत.

छबीचं नाव हजेरीत नव्हतं. मी तळाला पेन्सिलीने लिहून टाकलं.

पोरक्या मुलीची हकिगत मी दोनच आयांच्या कानावर घातली. अर्ध्या तासात तिघी जणी कुंपणापाशी डोळे पुसत उभ्या, आणि एकीने घरी जाऊन शिरा करून आणलेला. त्यांना मीच थांबू दिलं. एखादा अपवाद असतो. छबीने शिरा खाल्ला आणि सगळ्यांच्या आधी रुळली.

बाकीच्यांचं तसं नव्हतं. सुरईतून पेल्यात पाणी ओतायचं काम मी पहिल्याच दिवशी मांडलं होतं. सांडलेलं मुलाने स्वतः पुसायचं, हाही नियम. बावीस मुलांनी सांडलं, पुसलं कोणीच नाही. शिवाय सगळं पाणी सुरईतलंच होतं असंही नाही.

दहा वाजता मोठ्या बाई आल्या. “मावशी काही आल्या नाहीत. कामाची फार निकड आहे म्हणून निरोप होता. उद्या दुसरीला बोलावते.”

“लोकांना हल्ली कामाची किंमतच नाही,” असं कोण म्हणालं? मीच. मग पदर खोचला, बादली आणली आणि फरशी पुसायला बसले.

साडेअकराला मी अजून पुसतच होते. सकाळच्या त्या बाई आल्या आणि छबी दाराकडे पळाली. मोठ्या बाई बाहेर आल्या.

“आपण कोण?”

“मी हिराबाई, चांदवडची. सकाळी मावशीच्या कामाला आले व्हते. पोरीला माझी बहीन सांभाळायची, ती आठ दिस झाले लासलगावला नवऱ्याकडं गेली. म्हनून पोरगी संगती आनली.”

मी फडकं पिळत होते. पिळतच राहिले.

“मग थांबला का नाहीत?” मोठ्या बाईंनी विचारलं.

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खोचलेला पदर, बादली, ओली साडी. त्यांना सगळा उलगडा झाला.

“या बाईंनी घालवलं. तवा समजलं नाय, का म्हनून. आता समजलं. जागा यांनाच पायजे व्हती. असू द्या, यांचीबी निकड असंल.”

मोठ्या बाई चेहरा जराही न हलवता म्हणाल्या, “मग तुम्हीच सांगा हिराबाई. यांना ठेवू, की तुम्हाला?”

हिराबाईंनी फरशीवरून एकदा नजर फिरवली.

“समदे कोपरे राह्यलेत,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.