शिकून राहिलो

सतरंज्या मी अंथरल्या. पाण्याच्या माठाकडे वळलो तेव्हा मंडळाच्या एका माणसाने हात आडवा केला. "तू राहू दे. ते आम्ही बघतो." मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. खाली बस, असं कोणी म्हटलं नाही.

रशियाचा माणूस पृथ्वीभोवती फिरून आला होता. भिलाईत तर घरचंच लग्न असल्यासारखा आनंद. कारखाना उभारायला आलेले रशियन इंजिनिअर रस्त्यात दिसले की लोक धावत जाऊन हात मिळवत. त्याच आठवड्यात टाउनशिपच्या मराठी मंडळात आमच्या खात्याच्या साहेबांचं भाषण ठेवलं होतं. विषय होता, अंतराळवीराकडून तरुणांनी काय शिकावं.

साहेब पुण्याकडचे. बोलायचे छान. म्हणाले, "तो सुताराचा मुलगा. जन्म कुठे झाला हे आकाश विचारत नाही. ध्येय उंच ठेवा." मला ते मनापासून पटलं. मी खलासी होतो. क्रेनचा हुक खाली आला की त्यात साखळी अडकवायची आणि बाजूला व्हायचं. मान वर करून केबिनमधल्या ऑपरेटरला हाताने खूण करायची. त्या केबिनमध्ये मला बसायचं होतं. क्रेनच्या ट्रेनिंगसाठी माणसं निवडणार होते आणि निवडणारे हेच साहेब होते.

त्यांनी पोरांना एकेक करून ध्येय विचारलं. कोणी डॉक्टर, कोणी पायलट. मी दारातूनच हात वर केला.

"साहेब, मी क्रेन चालवाचं शिकून राहिलो."

साहेब थांबले. हसले. "शिकून राहिलास? म्हणजे शिकलास, आणि राहिलास तो राहिलासच?"

सभागृह खदखदलं. सगळ्यात मोठ्याने हसले ते आमच्या नागपूरकडचे कारकून. घरी तेही 'जेवून राहिलो' म्हणत. पण त्यांच्या आडनावांना खुर्ची होती.

साहेबांना रंग चढला. "अरे, रॉकेटला खालचा टप्पाही लागतो. तो जळतो, गळून पडतो, म्हणून वरचा वर जातो. गळून पडणं हीसुद्धा सेवाच आहे." टाळ्या पडल्या. पहिली टाळी कोणाची हे मी पाहिलं नाही. मी आपल्या पायांकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवसापासून कामावर माझं नाव टप्पा. "ए टप्पा, साखळी ला!" हाक मारणारे माझ्याच टोळीतले. हसणारेही तेच.

बाप रेल्वेत गँगमन. नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता, येताना पत्रकं घेऊन आला होता. त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचायचो, तो डोळे मिटून ऐकायचा. माणूस म्हणून ताठ उभे राहा, असं त्या पत्रकांत असायचं. त्याच बापाने मला विचारलं, "तुले कोनं सांगतलं होतं हात वर कराले? हाये थे नोकरी बी जाईन."

त्याच्या आवाजात भीती होती.

मग मी एक लाचार गोष्ट केली. बोली बदलायला घेतली. 'शिकतो आहे. जातो आहे. जेवतो आहे.' कारखान्याजवळच्या मरोदा गावातल्या आमच्या झोपडीत मी असंच बोलू लागलो. एक दिवस आईने ताट पुढे सरकवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"कावून असा बोलून राहिला रे? पाहुन्यावानी?"

साहेबांच्या दारात मी परका होतोच. आता आईच्या चुलीपुढेही परका झालो.

त्या दिवसांत मी त्या रशियन अंतराळवीराचा फार विचार केला. यानाच्या डब्यात तो एकटा होता. पण त्याच्या कानात जमिनीवरची माणसं बोलत होती. तो कसा आहे, हे सारखं विचारत होती. एवढी उंची एकट्याने कोणी गाठत नाही. साहेबांनी भाषणात नेमकं हेच सांगितलं नाही. माझ्या कानात कोणी बोलत नव्हतं. होती ती फक्त हाक, टप्पा.

निवडीचा दिवस आला. टेबलामागे तिघे, मधे साहेब. समोर एक खुर्ची. मी तिच्यावर बसलो. साहेबांनी विचारलं, "सध्या काय करतोस?"

'शिकतो आहे' जिभेवर तयार होतं. महिनाभर घोटलेलं. मी ते गिळलं.

"क्रेनचं काम शिकून राहिलो, साहेब."

त्यांनी बाजूच्यांकडे बघून ओठ दाबले. "अजून राहिलासच का?"

"हो. जागा भेटेपर्यंत राहीन."

कोणी हसलं नाही. क्रेनबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. "जा," म्हणाले.

माझं नाव आलं नाही. माझ्या टोळीतले दोघे निवडले गेले. ज्यांनी मला टप्पा म्हटलं तेच. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बापाला सांगितलं, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

पुन्हा निवड होईल तेव्हा मी जाणार आहे. त्याच्या पुढच्या वेळीही. बोलेन ते आईच्या बोलीत. आणि आता नुसतं 'जा' म्हटल्यावर उठणार नाही. मला का नाकारलं, ते साहेबांनी माझ्या तोंडावर, खरं कारण देऊन सांगावं. ते ऐकल्याशिवाय मी खुर्ची सोडणार नाही.