आडवा राहिलेला नारळ

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. देवापुढं हात जोडते तेव्हाही दुसरंच काही पुटपुटते आणि उठते. तुला सांगते, कारण तू मला ओळखत नाहीस. आणि हे वाचल्यावर ओळख व्हावी असंही तुला वाटणार नाही.

माझा धाकटा दीर आमदार होता. नागपूरला त्यांचं-आमचं घर एकच, त्यामुळं रामटेककडच्या गावांतली माणसं सकाळपासून आमच्या पडवीत येऊन बसायची. कोणाला रस्ता पाहिजे, कोणाला शाळेच्या छपरावर कवेलू, कोणाला बोरिंग. चहा मी द्यायची. आणि चहा देता देता कोणाचं काम आधी, कोणाचं मागं, हेही मीच ठरवायला लागले. भाऊजी स्वयंपाकघरात येऊन विचारायचे, "वयनी, त्या गावाचं काय करू?" मी पोळी लाटता लाटता सांगायची, ते वर तसं लिहून धाडायचे. आमदारानं सरकारकडं काय मागितलं, कोणासाठी, काहून — बाहेर कोणाला कळायचं? काम झालं की पाटी लागायची, 'ग्रामस्थांच्या मागणीवरून'. त्या ग्रामस्थांत कित्येकदा मी एकटीच असायची.

सुगंधाबाई आली ती उन्हाळ्यात. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली. सोबत तिची पोरगी, वंदी, सातवीतली. वस्तीत बोरिंग नव्हतं, बायका नाल्याची वाळू उकरून पाणी भरायच्या. पडवीत सगळे सतरंजीवर बसले होते. सुगंधाबाई आली आणि खुर्चीवर बसली.

बस, एवढंच. खुर्ची रिकामी होती, बाई उन्हातून आली होती, बसली. मी चहा घेऊन दारात उभी — आणि मला ते खुपलं. वर त्या पोरीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं सगळं घडाघडा वाचून काढलं. मी शाळेत गेले नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद जुळवून वाचायला शिकले, जोडाक्षर आलं की अजूनही थांबते. ती थांबली नाही.

भाऊजी म्हणाले, करून टाकू. पण बोरिंग कुठं खणायचं हे आमचा पाणाड्या सांगायचा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो जमिनीवरून चालायचा. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, असं सगळे मानायचे. भाऊजी तर त्याला फिरवल्याशिवाय वर मागणीच धाडत नसत. त्याच्या पोराला चपराशाची नोकरी पाहिजे होती, हे मला माहीत होतं. मी त्याला मागच्या दारी चहा दिला. म्हणाले, "वस्तीत नारळ नाही उठला तरी चालते. पाटलाच्या घरापाशी पाहाय." त्यानं कप विसळून पालथा ठेवला.

आणि मी मुद्दाम पाहायला गेले. कशाला गेले असेन, सांग?

सगळी वस्ती उन्हात उभी. पाणाड्या चालतो आहे, नारळ आडवाच. सुगंधाबाई त्याच्या मागं मागं. "दादा, माह्या चुलीपाशी एकदा चाल ना गा. तिथची जमीन उन्हाळ्यातही ओली राहते." तो तिथूनही चालला. नारळ आडवा. मग ती माझ्याकडं वळली. "आमी नारळ-गिरळ मानत नाही, बाई. मशीन लावून पाहा ना."

"तुमी मानत नाही म्हणूनच पाणी रुसलं," मी म्हणाले.

पाटलाकडची माणसं हसली. ते हसू मला गोड लागलं. आजही तो दिवस आठवला की आधी ती गोडी आठवते, बाकीचं मागून.

ती पुन्हा नागपूरला आली. "साहेबानं वर काय मागितलं, तेवढं दाखवा. माही वंदी वाचते."

"आमदाराचं मागणं म्हणजे का रेडिओच्या बातम्या आहे वं? कोणालेही आयकवाले?"

ती उभ्यानंच बोलली. खुर्ची मी आधीच आत नेऊन ठेवली होती.

बोरिंग पाटलाच्या घरापाशी झालं. वस्तीतल्या बायांना दांड्याला हात लावू देत नसत. पाण्याचा गुंड खाली ठेवायचा आणि कोणी हापसून देईल तोवर उभं राहायचं. सुगंधाबाई मजुरीला जायची, म्हणून उभं राहायचं वंदीनं. तिची शाळा सुटली. हे मला गावच्या माणसानं सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. मनात आलं, वाच म्हणा आता. आणि मेथी निवडत राहिले.

पुढं बऱ्याच वर्षांनी सुगंधाबाईनं पक्कं घर बांधायला काढलं. चुलीच्या जागी पाया खोदला तर पाणी लागलं. हे सांगायला ती एवढ्या लांब आमच्याकडं आली. मी खुर्ची पुढं केली. ती खाली बसली.

"पाणी होतं, बाई. चुलीपाशीच होतं. तुमच्या पाणाड्याचा नारळ चुकला."

"चुकला वं," मी म्हणाले.

"चुकते माणूस," ती म्हणाली आणि चहा प्याली.

वंदीचं विचारलं. वीटभट्टीवर जाते म्हणाली. मी विचारलं, वाचते का अजून? काहून विचारलं ते मला अजून कळलेलं नाही.

"कायले वाचते, बाई," सुगंधाबाई म्हणाली. "आता आपल्या पोराले म्हणते, तू वाच."

भाऊजी गेले. पाणाड्याही गेला, त्याचा पोरगा चपराशाच्या नोकरीतून रिटायर झाला. सुगंधाबाई आहे. थकली आहे, ऐकू कमी येतं म्हणतात, पण आहे. तिच्या गावची एसटी आमच्या चौकात थांबते. मी भाजीला त्याच चौकात जाते. दार उघडतं, माणसं चढतात, कंडक्टर माझ्याकडं पाहतो — आजी, यायचं का?

मी मान हलवते आणि भाजी घेऊन घरी येते.