मसाजीची तीन ठिकाणची चौकशी

दुधानं तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मसाजीचं तोंड कधी भाजलेलं नव्हतं, तरी तो ताक फुंकायचाच. आणि फुंकण्याआधी ते कोणाच्या घरचं, घुसळलं कोणी आणि आणलं कोणी, एवढं विचारून घ्यायचा. जवळा बाजारच्या अलीकडे एका वाडीत त्याचं घर. थोडं कापसा-सोयाबीनचं रान, मेंढरांचा कळप, बायको सत्यभामाबाई, एकुलती एक लेक मोहिनी आणि यंत्रांचा भलता नाद.

हा नाद मेंढरांमागेच लागला. दिवसभर माळावर फिरायचं, बोलायला कोणी नाही. मग गळ्यात ट्रान्झिस्टर आला. परभणी लागायचं, औरंगाबाद लागायचं, संध्याकाळी खरखरत का होईना परदेशातलं हिंदीही लागायचं. एकदा कुठल्याशा अपघाताची बातमी त्यानं तिन्हीकडे ऐकली आणि मेलेल्यांचा आकडा तिन्हीकडे वेगळा निघाला. मसाजी चरकला. त्या दिवसापासून त्यानं आपला कायदा केला: एका ठेसनानं सांगितली ती गोष्ट, दोघांनी सांगितली ती चर्चा, आणि तिघांनी सांगितली तरच बातमी.

पंच्याण्णव साली गणपती दूध पिऊ लागला, तेव्हा वाडीतल्या बाया वाट्या घेऊन देवळात धावल्या. मसाजीही गेला, पण घोंगडीखाली घरचा वरवंटा घेऊन. पायरीवर बसून त्यानं वरवंट्याला चमचा लावला. वरवंट्यानं दूध ओढलं. "ह्यो बी पेला बरं का," मसाजी म्हणाला, "आता ह्याची बी आरती करा." बायांनी त्याचा उद्धार केला, सत्यभामाबाईनं दोन दिवस वरवंट्याला हात लावला नाही. पण बाजारात ही गोष्ट पसरली आणि लोक मसाजीला ओळखू लागले.

दोन हजार साल लागताना कंप्युटरं बंद पडणार, विमानं खाली येणार, अशी हूल उठली. विहिरीवरची मोटारही बंद पडंल काय, असं विचारायला माणसं त्याच्याकडे आली. मसाजी म्हणाला, "मोटारीला रात-दिस कळत न्हाई, सन कुठलं कळतंय?" माणसं निवांत घरी गेली. पुढे औंढ्याच्या यात्रेत कंप्युटरवर भविष्य सांगणारा आला. मसाजीनं आपली म्हणून आपल्या एडक्याची जन्मतारीख दिली. कागद निघाला: सरकारी नोकरीचा योग, परदेशप्रवास आणि तारुण्यात प्रेमप्रकरणं. शेवटचं तेवढं बरोबर होतं. तेव्हापासून त्या एडक्याला सगळा गाव 'साहेब' म्हणू लागला.

पण मसाजी कंप्युटरवर रागावला नाही. उलट त्या भविष्यवाल्याच्या टेबलापाशी खेटून बसला, कुठलं बटन दाबलं की कुठलं अक्षर उमटतं ते बघत राहिला. "कंप्युटर खोटं बोलत न्हाई," तो हॉटेलात सांगायचा, "त्याच्या पोटात कोनी काय घातलं ते इचारा." केबल आली, चोवीस तास बातम्यांची च्यानलं आली. त्यावर त्याचं म्हणणं असं, की चोवीस तास सांगायचं तर चोवीस तास काही घडायला नको? त्यातही 'सूत्रांकडून समजते' हे शब्द आले की त्याचं डोकं फिरायचं. "ह्या सूत्राचं गाव कोनतं? बापाचं नाव काय? ह्याला कोनी सांगितलं?" असं तो टीव्हीलाच विचारायचा.

लोक हसायचे, पण मानायचे. बाजारात दोघांचा वाद पडला की तो मसाजीपाशी यायचा. तो "खरं हाय" म्हणाला की विषय मिटला. ह्या गोष्टीचा मसाजीला गर्व होता आणि त्यानं तो कधी लपवलाही नाही.

असल्या माणसाच्या घरी दोन हजार सहा साली लेकीला स्थळ आलं.

पोरगा गोरेगावचा, शिवहार नावाचा. बाप वारलेला, घरी आई जिवनबाई आणि मेंढरं. पण पोरगं मेंढरांमागं न जाता हिंगोलीला दुरुस्तीचं काम शिकून आलं होतं. गोरेगावात त्याची केबल होती. घराच्या माळवदावर डिश अँटेनाची छत्री, खालच्या खोलीत कंप्युटर, त्यावर तो दुकानदारांच्या जाहिराती बनवायचा. पाहण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मसाजी जमीन किती, भाऊबंद किती हे विचारायचंच विसरला. छत्री कोणत्या दिशेला लावली, एका वायरीवर इतकी च्यानलं कशी मावतात, ती एकमेकांत मिसळत कशी नाहीत, ह्यातच चहा निवून गेला. शिवहारनं सगळं नीट सांगितलं. जे येत नव्हतं त्याला "हे मला न्हाई माहीत, काका" असं सरळ म्हणाला.

पाहुणे गेल्यावर मोहिनी आईला म्हणाली, "आबांशी एवढा येळ बोलून न कंटाळलेला पहिलाच मानूस बघितला. माजं व्हय हाय." सत्यभामाबाईला हसू आलं. तिला स्थळ सोन्यासारखं वाटत होतं.

मसाजीलाही वाटत होतं, आणि तिथंच त्याची पंचाईत झाली. आपल्याला एवढं पटलं म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. "वायर त्याच्या हातात हाय," तो बायकोला म्हणाला. "तो दावील तेच गाव बघनार. असा मानूस सरळ राहील कशावरून?"

"अवं, पोरगं केबल चालवतंय, राज्य न्हाई," सत्यभामाबाई म्हणाली.

पण सोयरीक करायची तर चौकशी करायचीच, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यात कुणाला गैर वाटत नाही. मसाजीनं तीन ठिकाणं धरली. पहिला ग्यानोबा, शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. जवळा बाजारपासून गोरेगावपर्यंत एक आठवडी बाजार सोडत नव्हता. दुसरी भागूबाई, औंढ्याला देवळापुढं नारळ-फुलं विकणारी. तिचं माहेर गोरेगाव. तिसरा शंकरसिंग, गोरेगाव-हिंगोली जीप चालवणारा. तिघांना त्यानं वेगवेगळं गाठून विचारलं. पोरगं कसं हाय? वळण कसं हाय? आणि शेवटी, जाता जाता, "पितो-बितो काय?"

तिघांनी सांगितलं, पोरगं चांगलं आहे. पिण्याचं कधी ऐकलं नाही.

दुसरा बाप असता तर त्यानं सोयरिकीचा नारळ घेतला असता. मसाजी आणखी घाबरला. तीन ठेसनं इतकी शब्दाला शब्द जुळतात कुठं? म्हणजे तिघंही एकाच ठिकाणचं वाचून दाखवतायत. त्यानं जिवनबाईकडे निरोप धाडला, की जरा थांबा, घरात अडचण आहे. आणि काही आठवडे जाऊ देऊन पुन्हा फेरी काढली.

ह्या वेळी ग्यानोबानं आधी इकडंतिकडं बघितलं. "पितो म्हनतेत, मसाजीभाऊ," तो म्हणाला. "लोक बोलून राह्यले."

भागूबाईनं हार ओवता ओवता मान हलवली. "आपलं मायारचं गाव हाय दादा, वंगाळ बोलू ने. पन घेतो म्हन्तेत थोडी."

शंकरसिंगनं तर गिअर टाकता टाकता सांगितलं, "काका, पोरगी देऊ नका. समद्या जीपमधी हीच बात हाय."

तिघांनी सांगितलं. मसाजीच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि आपला अंदाज खरा निघाल्याचा थोडा आनंदही झाला, हे कबूल केलं पाहिजे. त्यानं घरी येऊन सांगितलं, स्थळ मोडलं. गोरेगावला नकार गेला. लोकांनी कारण विचारलं तेव्हा त्यानं कारणही लपवलं नाही.

मोहिनी रडली नाही. भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "आबा, त्या तिघांला कोनी सांगितलं?"

आयुष्यभर हा प्रश्न मसाजीनं दुसऱ्यांना घातला होता आणि ह्या वेळी तेवढा विचारायचा राहिला होता. त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. शंकरसिंगला विचारलं, तुला कोणी सांगितलं? तो म्हणाला, औंढ्याला फुलंवाली भागूबाई पाव्हण्याला सांगत होती, पाव्हणा माझ्या जीपमध्ये बसला. भागूबाईला विचारलं. ती म्हणाली, ग्यानोबा नारळ घ्यायला आला होता, त्यानं सांगितलं. मग बाजारच्या दिवशी ग्यानोबाला गाठलं. ग्यानोबा बोकडाचे दात बघत होता.

"मला?" ग्यानोबा म्हणाला. "तुमीच तर इचारलं ना मागं, पितो काय म्हनून! म्या म्हनलं, मसाजी उगं इचारनारा मानूस न्हाई. त्यानं इचारलं म्हंजे काहीतरी असंल. मंग तसंच मी चार जनांत बोललो."

मसाजी बाजारात मधोमध उभा राहिला. त्याचाच प्रश्न औंढ्याला, गोरेगावला जाऊन, जीपमध्ये बसून त्याच्याकडे उत्तर होऊन परत आला होता. ज्या सूत्राचं गाव आणि बापाचं नाव तो टीव्हीला विचारायचा, ते सूत्र तोच निघाला होता. त्याला आपली इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिथूनच तो गोरेगावला गेला. जिवनबाईनं त्याला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. शिवहार घरी नव्हता. मसाजीनं झालं ते सगळं सांगितलं, एक शब्द दडवला नाही.

जिवनबाईनं पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पाव्हणं, आमी तुमची चौकशी केलीच न्हाई. समद्या पट्ट्यात लोक म्हनतेत, मसाजी खोटं बोलत न्हाई. म्हनून म्हनलं, ह्याच्या घरची पोरगी डोळे मिटून करू. दुसऱ्या कोनी इचारलं असतं तर लोक इसरून गेले असते. तुमी इचारलं, म्हनून माजं लेकरू दारुडं झालं. तुमी थांबा म्हनल्यावर आणखी दोन जागी बोलनं चालू हुतं, त्यांनी बी पाठ फिरवली. काहून केलं तुमी असं?"

मसाजी एवढंच म्हणाला, की ज्या तीन तोंडांतून गेलं, त्याच तीन तोंडांना जाऊन सांगतो, पोरगं निर्मळ आहे.

आणि तो गेला. ग्यानोबानं ऐकून घेतलं, डोळा बारीक केला. "कळलं, कळलं. सोयरीक पुन्हा जुळत असंल. आता तुमी असंच म्हननार." भागूबाई म्हणाली, "लेकीच्या बापाला झाकावंच लागतंय, दादा. मी न्हाई कुठं बोलत." शंकरसिंग नुसता हसला. "दारू सुटली असंल काका, चांगली गोष्ट हाय."

वरवंट्याला दूध पाजलं तेव्हा लोकांनी मसाजीवर विश्वास ठेवला. एडक्याच्या भविष्यावर ठेवला, दोन हजार सालावर ठेवला. आता तो स्वतः माग काढून तपासलेलं, खात्रीचं, शंभर टक्के खरं सांगत होता, आणि ते कोणी घेत नव्हतं. जीपमधून उतरला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं पटक्याच्या शेवानं ते पुसले आणि पुन्हा जिवनबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"कोनी मानलं न्हाई," तो म्हणाला.

"ते मला ठाऊक हुतं," जिवनबाई म्हणाली. "तोंडानं सांगून आता कोनी मानत नसतंय. लेक द्या. मसाजी दारुड्याला लेक देनार न्हाई, एवढं तरी कळंल लोकांला. पन शिवहारला मनवायचं मी बघते. त्याच्या मनाला लई लागलंय."

मसाजी घरी आला. ह्या वेळी तो कुठंच चौकशीला गेला नाही. चुलीपुढं बसलेल्या मोहिनीला त्यानं विचारलं, "तुजं काय म्हननं हाय, पोरी?"

"मी पहिल्याच दिशी व्हय म्हनले हुते, आबा," मोहिनी म्हणाली. "तुमी तीन ठिकानी इचारलं. माजं तेवढं धरलं न्हाई."

लग्न झालं. गोरेगावला दारापुढं मांडव पडला. मसाजीनं वाकून शिवहारचे पाय धुतले, रीतीपेक्षा जरा जास्तच वेळ धुतले. पंगतीत वाढताना त्याच्या कानावर आलं, "एवढ्या चौकशा करनारा बाप, आधी न्हाई म्हनला अन् मंग पोरगी दिली. काहीतरी दडवलं असंल." बोलणारा कुठल्या गावचा होता ते मसाजीला माहीत नव्हतं. त्यानं त्याच्या ताटात बुंदी वाढली आणि पुढे गेला.

लेक सुखात आहे. शिवहारनं आता मोबाइल दुरुस्तीही सुरू केली आहे. सासुरवाडीला आला की सासरे-जावई जुने रेडिओ उघडून बसतात आणि सत्यभामाबाईला अंगणात पाय ठेवायला जागा राहत नाही. झालेल्या गोष्टीचा शब्दही शिवहार काढत नाही. मसाजीनं एकदा माफीचं बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं "काका, ती तार धरा जरा" म्हणून विषय बदलला.

पण एक गोष्ट मसाजीला बघवत नाही. शिवहार आता कोणाशीही बोलताना पुढं सरकतो. हॉटेलात, जीपमध्ये, कोणाच्या लग्नात, तो समोरच्याच्या तोंडापाशी तोंड नेतो आणि आपला श्वास त्याच्या नाकाला लागेल इतक्या जवळून बोलतो. लोकांना वाटतं, पोराला कमी ऐकू येत असावं. पहिल्यांदा मोहिनीला बघायला आला होता, तेव्हा तो चांगला हातभर लांब बसून बोलत होता.