मामीच्या अंगठ्याची चिंधी

आधीच सांगतो, मी तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. भूतखेत, भानामती असलं काही निघालं की पोरांसमोर त्याची तासभर चिरफाड करतो. आणि परीक्षेत कॉपी करणाऱ्याची तर अजिबात गय करत नाही. त्यामुळे हे लिहिताना हसावं की रडावं तेच कळत नाहीये.

उन्हाळ्याच्या तोंडावरचा रविवार. घोलवडला मामीकडे गेलो होतो. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. वाडीत चिकू उतरवून झाले होते आणि मामी उलट्या क्रेटवर बसून लहान-मोठे वेगळे करत होती. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तिने डावा हात कपाळावर धरला आणि वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या मजुरांना काहीतरी ओरडली. मी पटापट तीन फोटो काढले. मधला फार सुंदर आला. त्यात तिच्या डाव्या अंगठ्याला पांढरी चिंधी बांधलेली दिसत होती... बागेतलं काम, लागलं असेल काहीतरी, म्हणून मी विचारलंही नाही.

डहाणूच्या एका प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. मामी गावभर सांगत सुटली. आठ दिवसांनी आयोजकांनी मला बोलावलं आणि समोर मोबाईल धरला. परदेशातला एक जुना, म्हणे जगप्रसिद्ध, फोटो. बटाटे निवडणारी बाई. तोच कपाळावरचा हात, तशीच वळलेली मान, तसंच उघडं तोंड... आणि डाव्या अंगठ्याला चिंधी. गाठसुद्धा त्याच बाजूला!

देवाशप्पथ, तो फोटो मी जन्मात पाहिला नव्हता. (विज्ञानाचा मास्तर देवाची शपथ घेतोय, यावरून काय ते समजा.)

"अहो, हात कपाळावर कोणीही धरतं," मी म्हणालो.

"आणि चिंधी, सर?"

"लागलं असेल तिला. विचारा की तिलाच!"

मीच मामीला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि आयोजकांनी तिला चिंधीचं विचारलं. मामी खोटं बोलत नाही, हे अख्ख्या घोलवडला माहीत आहे.

"चिंधी? नाय हो," मामी म्हणाली. "मला कुठे काय लागलंय? तेव्हा पण नाय नि आता पण नाय."

बिचारीला वाटलं, खरं बोललं की भाच्याचं भलं होईल. इकडे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

घरी येऊन कॅमेऱ्याचं कार्ड उघडलं. पहिला फोटो — अंगठा मोकळा. तिसरा — मोकळा. फक्त मधल्यात चिंधी. तिन्ही मिळून पाच सेकंदसुद्धा नाहीत! मूळ फाइल आयोजकांना पाठवली, तर उत्तर आलं, "आजकाल काय, एआयने काहीही करता येतं, सर." बक्षीस परत गेलं. सोमवारी नववीच्या वर्गात शिरलो तेव्हा मागून कुणीतरी हळूच "कॉपी" म्हणालं. एरवी मी वर्ग डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी फळ्याकडे वळलो आणि लिहायला लागलो.

लोकांचं सोडा, पण मामीला तरी पटायला हवं होतं. तिथे हजर असलेली तीच एक. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन गेलो. तिने चष्मा लावला, तिन्ही फोटो बराच वेळ पाहिले.

"तुला तसाच फोटो हवा होता, तर मला सांगायचंस ना," ती म्हणाली. "मी बांधली असती चिंधी."

"अगं मामी, मी काहीच केलं नाहीये!"

"तिथे तू होतास नि मी होते. मी तर बांधली नाय."

तिचं काहीच चुकत नव्हतं. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. त्याला आता तीन महिने झाले. रोज विचार करतो, अजून मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, अगदी वेड्यात काढलंत तरी चालेल.

त्या रविवारी मामीने मग चष्मा काढला, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"होते चूक माणसाकडून," ती म्हणाली. "तुझ्या मामांना यातलं काय सांगत नाय मी. चल, पानं घेतलीत."

मी "बरं मामी" म्हणालो आणि जेवायला बसलो.