राजाला मूर्च्छा आली नाही

आमच्या दशावतारी मंडळात दिगंबर परब तीस वर्षं राजपुत्र होता. वनवासाला निघणारा. लालबागच्या चाळीत राहायचा, शिवडीच्या गोदामात माल उतरवायचा. पण तोंडाला रंग लागला की वय पार पुसलं जायचं. आमच्या नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, बोलणं ज्याचं त्याने तिथल्या तिथे करायचं. दिगंबर बोलू लागला की माझी पेटी गप्प. बायका डोळे पुसायच्या आणि हा बापाला नमस्कार करून हसत निघायचा.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. राजपुत्र तरण्या नीलकडे गेला आणि दिगंबरच्या वाट्याला म्हातारा राजा आला. गडी जाम वैतागला.

"ह्या राजाक काम काय रे? पोराक 'जा' म्हणूक तोंड उघडणा नाय. बाकावर पडता, मूर्च्छा येता, आणि 'जा' म्हणता ती सावत्र आई. भित्रो खंयचो!"

मला हसू आलं नाही, कारण स्वतःच्या घरी दिगंबर असाच राजा होता. त्याची मुलगी दर्शना नर्स. जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरी मिळालेली, पण बापाच्या एका शब्दासाठी खोळंबलेली. आई कधीच गेली. दर्शनाने विषय काढला की दिगंबर "दमलंय गो" म्हणत भिंतीकडे तोंड करून पडायचा. खोटं नव्हतं, दमलेलाच असायचा. येणार की नाही, ते तिला सोमवारी हॉस्पिटलला कळवायचं होतं आणि आमचा प्रयोग रविवारी. मला त्याचा राग यायचा नि कीवही यायची. त्या खोलीत एकट्याने म्हातारं कसं व्हायचं, हे मला तरी कुठे सांगता आलं असतं?

पुराणातले वीर रानात राक्षस मारून मोठे होतात, असं लहानपणापासून ऐकत आलो. पेटीवर बसून इतके प्रयोग काढल्यावर मला वाटतं, मारणं त्यातल्या त्यात सोपं. हातातलं सुटत असताना मूठ उघडी ठेवायची, हे जड. साठीत तर फारच जड.

रविवारी संध्याकाळी भोईवाड्यातल्या देवळाच्या पटांगणात प्रयोग लागला. दर्शना ड्युटीवरून थेट येऊन पुढे बसली. नील निरोप घ्यायला आला. सावत्र राणी झालेला राहुल पुढच्या वाक्यासाठी घसा खाकरून तयार. आता राजाने कोसळायचं म्हणून मी रडका सूर धरला.

राजा कोसळला नाही. बाकाला धरून, गुडघे सावरत उभा राहिला.

"थांब राणी. ह्याला मी सांगणार."

आमची सगळ्यांची पाचावर धारण बसली. राजाच सांगू लागला तर राणीने करायचं काय? नील माझ्याकडे बघू लागला, मी पेटीकडे. दिगंबर मात्र नीलकडे बघतच नव्हता. राजाची भाषा सोडून तो सरळ घरच्या बोलीत आला.

"जा. माझी काळजी करू नको, असा मी म्हणूचंय नाय. कर माझी काळजी. पण जा."

समोर दर्शनाने मान हलवली. ती रडत होती आणि तोही.