उखाण्यात घ्या हवं तर

धुळ्यातलं आमचं आयुर्वेदिक औषधांचं दुकान आजोबांपासूनचं. आजोबा राजस्थानातून आले, मी इथलाच झालो. घरात मारवाडी, गल्ल्यावर मराठी आणि भांडण अहिराणीत. जीभ मात्र माझी स्वतःची, आणि ती तिखट आहे. गिऱ्हाइकाची थट्टा केल्याशिवाय माझा दिवस जात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या जिभेचंच पाप आहे.

काही वर्षांपासून आमच्याकडे विजया तेल येतं. विजया म्हणजे भांगच. पण भांग म्हटलं की लोक दचकतात, म्हणून बाटलीवर पोथीतलं नाव. दुखणं सोसवेना झालं की वैद्य ते थेंब थेंब जिभेखाली घ्यायला सांगतात. ते विकायचं तर वैद्याची चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर रोग्याचं पूर्ण नाव लागतं आणि दिलेली प्रत्येक बाटली वहीत नोंदवावी लागते. एकदा दोघे जण खोटी चिठ्ठी दाखवून बाटली घेऊन गेले. पुढे तपासणीचे साहेब आले, वही चाळून, चहा पिऊन गेले. बोलले काहीच नाहीत, पण धडा मला मिळाला. दुधाने तोंड पोळलं, मग मी ताकही फुंकू लागलो. घेणाऱ्याने औषधाचं नाव तोंडाने सांगायचं, असा एक नियम मी वाढवला. ज्याच्या घरात खरंच दुखणं आहे त्याला नाव पाठ असतं, हे माझं शहाणपण. हा नियम सरकारचा नव्हता, माझा होता.

पारोळ्याजवळच्या खेड्यातले एक नाना दुपारच्या बसने आले. पांढरी टोपी, पायात धुळीने माखलेल्या वहाणा. चिठ्ठी त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली.

"हाई तेल जोयजे, शेठ. तिना हाडेसमा कॅन्सर उतरेल शे. दिनरात कन्हस ती."

चिठ्ठीवर रोग्याच्या नावापुढे नुसतं 'अक्का' लिहिलेलं. मी म्हणालो, "अक्का तर गावात पन्नास असतील. पूर्ण नाव?"

नानांनी चिठ्ठीच आणखी पुढे सरकवली.

"बरं, औषधाचं नाव सांगा."

"चिठ्ठीवर लिखेल शे ना."

"मला वाचता येतं. तुम्ही सांगा."

त्यांनी फळीकडे बोट केलं. "ते पाननं चित्र शे, ती बाटली." चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आला आणखी एक नशेबाज. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि माझ्या जिभेला खाज सुटली. "नाव घ्यायला एवढं लाजता कशाला, नाना? उखाण्यात घ्या हवं तर!"

दोघेही खो खो हसले. नानांनी चिठ्ठीची घडी घातली, टोपी सारखी केली आणि पायऱ्या उतरले. चिठ्ठीवर वैद्यांचा फोन नंबर छापलेला होता. एक फोन लावला असता तर मिनिटात काम झालं असतं. मला ते सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचवून घ्यायचं नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांची सून आली. ती म्हणाली, "नाना घरी सांगत होते, सरकारनं तेल बंद केलंय. काल वैद्य भेटले, ते म्हणाले कुठे बंद आहे?" हसं झाल्याचं नानांनी घरी सांगितलं नव्हतं, सगळा दोष सरकारवर टाकला होता. नऊ दिवस सासू पदराचं टोक दातात धरून पडली होती, असंही ती म्हणाली. तिने नवी चिठ्ठी आणि आधार कार्ड पुढे ठेवलं. मी वही उघडली. रोग्याच्या रकान्यात नाव लिहिलं, औषधाच्या रकान्यात नाव लिहिलं, आणि पेन तिथेच थांबलं. दोन्हीकडे एकच शब्द होता.

"नाना अक्कांचं नाव कधीच घेत नाहीत," सून सहज म्हणाली. "लग्नातसुद्धा घेतलं नव्हतं म्हणे."

मी बाटली कागदात गुंडाळून दिली. माफी मागायला हवी होती. तिखट जीभ तेव्हा टाळूला चिकटून बसली.

दोनेक महिन्यांनी नाना स्वतः आले. डोक्यावर टोपी नव्हती, केस नुकतेच काढलेले. धोतराच्या सोग्यातून त्यांनी अर्धी उरलेली बाटली काढली.

"दुसरा कोनले देजो, शेठ. कोनीतरी कन्हत व्हई."

विकलेलं औषध परत घेता येत नाही आणि दुसऱ्याला तर मुळीच देता येत नाही. या वेळी नियम खरोखर सरकारचा होता. मी तो हात जोडून सांगितला. मग म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी चुकलो."

नानांनी मान हलवली. चुकलो याला हो म्हणाले की जाऊ द्या म्हणाले, मला अजून कळलेलं नाही. बाटली परत सोग्यात बांधून ते म्हणाले, "मंग वहीमा लिखी ल्या. तिनं नाव."

घसा खाकरून, शाळेतल्या पोरासारखं ताठ उभं राहून त्यांनी पूर्ण नाव घेतलं. आधी तिचं, मग स्वतःचं, मग आडनाव. दुकानात गिऱ्हाइकं होती. कोणी हसलं नाही.

"आते नाव लिधं तरी चालस," ते म्हणाले. "ऐकाले ती नही शे."

नाव वहीत आधीच होतं. तरी मी पुन्हा लिहिलं.