माता आली, चिट्ठी नाही

आमच्या हिंगणीत पोरांना कांजिण्या होत नाहीत, माता येते. माझ्या पाचवीतल्या लेकीला ती गेल्या हिवाळ्यात आली. पाठीवर फोड दिसताच सासूबाईंनी दाराला कडुनिंबाची डहाळी खोचली आणि घरातली फोडणी बंद केली. मी दवाखान्याचं नाव काढलं तशा माझ्यावरच डाफरल्या, "मातेले कोणी इंजेक्शन देते काय? आपोआप थंड होते ते."

मी बारावी शिकलेली बाई, तरी गप्प बसले. ताप फार नव्हता, आणि खरं सांगायचं तर थोडी भीती मलाही होतीच. शाळेत मात्र लगेच फोन केला. वर्गाच्या बाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "माता आली? पाठवू नका बरं मंग. सांभाळा तिले."

यथावकाश फोड सुकले. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ झाली, मातामायच्या ठाण्यावर दहीभात ठेवून झाला आणि पोरगी उड्या मारायला लागली. सेलूला खो-खोचे सामने होते, ती संघात होती. अंथरुणातही तिचा तोच एक धोशा होता. शाळेत नेली, तर त्याच बाईंनी आम्हाला दारात थांबवलं.

"डॉक्टरची चिट्ठी आणली काय? इतक्या दिवसांची गैरहजेरी हाय. चिट्ठीबिगर वर्गात बसवता येत नाई, संघात तं नाईच नाई."

"बाई, मी फोन केलता ना! मातेत कोणी दवाखान्यात नेते काय? तुमच्या घरी नेता?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. "नाई नेत. पण नियम हाय, कागद लागते."

माझं डोकंच फिरलं. पाठवू नका म्हणणाऱ्याही ह्याच आणि का नाही पाठवलं विचारणाऱ्याही ह्याच! पण भांडून काय होणार? पोरीला घेऊन बसने सेलूला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तिला तपासलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पोरगी तं बरी हाय. आजारी होती तवा काऊन नाई आणली? मी पाह्यलंच नाई, तं त्या दिवसांचं लिहू कसा?"

मी तिची पाठ उघडी करून डाग दाखवले. ते नाही म्हणाले. खोटं लिहीत नाही म्हणणाऱ्या माणसाचा राग तरी कसा करायचा? तरी केला मी, मनातल्या मनात. शेवटी 'शाळेत जाण्यास योग्य' एवढंच त्यांनी लिहून दिलं.

शाळेला तेवढं पुरेना. आता योग्य आहे हे ठीक, पण आजारी कधी होती ते कुठे आहे? हेडमास्तरांनी सांगितलं, पालकाचा अर्ज द्या, वर विचारून पाहतो. अर्ज लिहायला बसले आणि पुन्हा अडले. माता लिहिलं तर ते शाळेत चालेल का? कांजिण्या लिहिलं तर सासूबाई घर डोक्यावर घेतील. शेवटी 'ताप' लिहून मोकळी झाले. अर्ज मंजूर झाला तोवर संघ सेलूहून हरून परत आला होता.

"मी असती तं जिंकलो असतो ना?" लेकीने विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सासूबाई चुकल्या, बाई चुकल्या, डॉक्टर चुकले की मी चुकले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकेकाची बाजू घेऊन पाहते, तर प्रत्येकाचं बरोबरच वाटतं.

परवा सकाळी तिची वेणी घालत होते. मान हाताला लागली आणि दचकलेच, अंग चांगलंच तापलं होतं. फोडबिड काही नव्हते, साधाच ताप.

"कधीपासून हाय हे?"

"कालपासून."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

तिने दप्तर खांद्याला अडकवलं आणि दाराकडे निघाली.

"मले जाऊ दे ना, आई. घरी राह्यलं तं चिट्ठी लागते."